सात नंबरच्या चढाया: वाढत्या वयातल्या एका कबड्डीपटूचं मूल्यमापन

पार्श्वभूमी

आमचं गाव दाभोळ खाडीच्या मुखापासून फार लांब नाही. जेटी, बर्फाची फॅक्टरी, हायस्कूल आणि ग्रामदेवतेच्या देवळासमोर लाल मातीचं मैदान. शिमग्यात तिथे होम लागतो, पालखी नाचते. पाऊस सोडला तर उरलेलं वर्ष तिथे कबड्डी चालते. मी हायस्कूलला शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी गावच्या मंडळाचा किशोर संघ बघतो. जोडीला एक सहायक प्रशिक्षक आहे, जिल्ह्याकडून खेळलेला. पकडी त्याच्याइतक्या चांगल्या मला शिकवता येत नाहीत.

हे प्रकरण आमच्या एका चढाईपटूचं आहे. घरच्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला इथे सात नंबर म्हणतो. तेव्हा तो नववीत होता, वय साडेचौदा. वडील बोटीवर खलाशी, आई जेटीवर लिलावात मासळी घेऊन बाजारात विकते.

त्याची चढाई बघायला माणसं थांबायची. आत शिरताना घाई नाही. खांदा एकीकडे दाखवायचा, हात दुसरीकडे न्यायचा, आणि गडी टिपला की डाव्या पायावर गिरकी घेऊन दोन ढांगांत मध्यरेषा गाठायची. त्या गिरकीवरच त्याचा सगळा खेळ उभा होता. शिमग्यानंतरच्या रात्रीच्या स्पर्धांत तो नऊ सामने खेळला. आमच्या वहीप्रमाणे ११८ चढाया, ६१ गुण, १९ वेळा पकडला गेला. किशोर गटात हे आकडे फार बोलके आहेत. जिल्ह्याच्या निवड चाचणीला या वर्षी आमच्याकडून कोण, हे गावाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

किशोर गट म्हणजे १६ वर्षांखालची आणि ५५ किलोपर्यंतची मुलं. त्यानंतर थेट कुमार गट, २० वर्षांखाली आणि ७० किलोपर्यंत. मधली पायरीच नाही. साडेचौदा वर्षांचा मुलगा ५६ किलो भरला की वयाने किशोर असूनही त्याच्यासमोर १९ वर्षांचे, मिशी फुटलेले गडी उभे राहतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती घडलं.

अडचण

१५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, म्हणजे कबड्डी दिनाला आम्ही दर वर्षी नवी वही घालतो. त्या वहीची पहिली पानं बघून मी अस्वस्थ झालो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही शालेय, काही सरावाचे असे सहा सामने झाले. सात नंबरच्या ७१ चढाया, २१ गुण, आणि पकड तब्बल २४ वेळा. आधी दर दोन चढायांना एक गुण मिळत होता, तो आता तीन चढायांनाही मिळेना. पकडलं जाण्याचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं.

सहायकाचं मत पक्कं होतं: पोराच्या डोक्यात हवा गेली. मोबाइल मिळाला, कौतुक झालं, सरावात जीव नाही. मला वाटलं, पावसामुळे सामने मॅटवर होतायत, मातीवरच्या मुलाचा पाय मॅटवर वेगळा पडतो. दोघांनीही आपापलं मत कुठे तपासून पाहिलं नाही. मी तर एका संध्याकाळी सगळ्या संघासमोर त्याला म्हणालो, "शिमग्याचा तू कुठे गेलास रे?" मुलं हसली. तो हसला नाही.

त्यानंतर आम्ही केलं ते आणखी वाईट. हातपाय लांब झालेत, चढाई जमत नाही, तर कोपऱ्यात खेळव, म्हणून त्याला उजव्या कोपऱ्यावर आणला. कोपरारक्षकाचं काम म्हणजे चढाईपटूचा घोटा धरणं, आणि घोटा धरायचा तर गुडघा जमिनीवर आपटतोच. रोज तीस-चाळीस वेळा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, गुडघा जरा दुखतोय." गरम पाण्याने शेक घे असं सांगून मी पुढच्या मुलाकडे वळलो.

फेरीबोटीवरचं बोलणं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खाडीपलीकडच्या संघाशी सरावाचा सामना होता. परत येताना धोपाव्याहून दाभोळला येणाऱ्या फेरीबोटीवर त्यांचा डावा कोपरारक्षक भेटला, मामाकडे निघाला होता. सात नंबरच्याच वयाचा, काटक, हुशार. त्या दिवशी त्याने आमच्या गड्याचा घोटा तीनदा धरला होता. आमची मुलं बोटीच्या पुढच्या टोकाला होती. मी सहज विचारलं, तुला आज इतकं सोपं कसं गेलं?

तो आधी लाजला. मग म्हणाला, "सर, रागावू नका हां. आम्ही आता त्याला मुद्दाम आत येऊ देतो. पहिलं आत येऊ दिलं की गेलाच समजायचा. आता परत फिरताना डावा पाय टेकला की तो थांबतो. एवढंच." त्याने चुटकी वाजवली. "तेवढ्यात मी खाली जातो."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून. आमच्यात सगळ्यांना माहिताय."

बोट दाभोळच्या धक्क्याला लागेपर्यंत मी गप्प होतो. जे मला दोन महिने रोज बघून दिसलं नाही, ते त्याला एका सामन्यात दिसलं होतं. विचार केला तर त्यात नवल नाही. मी सात नंबरकडे बघत होतो तो गेल्या वर्षीचा सात नंबर मनात धरून. कोपऱ्यावरच्या मुलाला असली आठवण परवडत नाही. समोरच्याचा पाय आत्ता, या चढाईत कसा पडतोय एवढंच त्याला वाचायचं असतं. ते चुकलं तर तो बाद होतो.

वही पुन्हा उघडली

आमचं गुणलेखन दहावीतली एक मुलगी करते. रात्री वही घेऊन बसलो तेव्हा समासात पेन्सिलीने काढलेले बारीक बाण दिसले, काही वर तोंड केलेले, काही खाली. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं. ती म्हणाली, वरचा बाण म्हणजे आत जाताना धरला, खालचा म्हणजे परतताना. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही, तिला आपलं लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं. सात नंबरच्या २४ पकडींपैकी १७ पुढे खालचा बाण होता. माहिती वहीतच होती, मी फक्त बेरजेची ओळ वाचत होतो.

मग आणखी एक हिशेब मांडला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. समोरच्या संघालाही हे माहीत असतं. ते पुढे येतच नाहीत, मागे सरून ३० सेकंद संपायची वाट बघतात. अशा तिसऱ्या चढाया शिमग्याच्या हंगामात त्याच्या वाट्याला ११८ पैकी १४ आल्या होत्या. या पावसाळ्यात ७१ पैकी २२. कारण सरळ होतं. आमचे दोन मोठे चढाईपटू वय संपल्याने कुमार गटात गेले होते आणि अडलं की सगळे त्याच्याकडे बघत होते, मीसुद्धा. म्हणजे मी सर्वांत अवघड चढाया त्याच्यावर टाकत होतो आणि त्याचे गुण मात्र गेल्या वर्षीच्या सोप्या चढायांशी ताडून बघत होतो.

पण सगळी घसरण यात बसत नव्हती, हेही लिहायला हवं. तिसऱ्या चढाया दोन्हीकडून काढून टाकल्या तर गेल्या हंगामात १०४ चढायांत ५६ गुण, आणि आता ४९ चढायांत १७. फरक कमी झाला, पण उरला. तो उरलेला फरक गुडघ्यात होता.

गुडघा आणि उंची

त्याच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला आणि सांगितलं, आजकाल हा माळ्याखालून जाताना तुळईला डोकं आपटून घेतो. गेल्या वर्षी ताठ जायचा. शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड काढलं. गेल्या जूनला उंची १५२ सेंटिमीटर, या जूनला १५९. मी टेप घेऊन भिंतीशी उभा केला तर १६३. वर्षभरात सात आणि नंतरच्या चार महिन्यांत चार. वजन जूनला साडेएकोणपन्नास किलो होतं, ते ५४.२ झालेलं.

मुलांची उंची सर्वांत जोरात वाढते ती साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास, मुलींची त्याआधी सुमारे दोन वर्षं. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि शरीरावरचा ताबा मागाहून येतो. सवयीच्या अंतरावर टाकलेला पाय सवयीच्या जागी पडत नाही. आणि वजनाचा जोर उंचीच्या जोरानंतर काही महिन्यांनी येतो. हे मी बी.पी.एड.ला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

आईने दुसरी गोष्ट सांगितली ती मला अजिबात माहीत नव्हती. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून बोटी सुटल्या तशी तो पहाटे जेटीवर जायला लागला होता. बर्फाच्या पाट्या, मासळीचे क्रेट, ओल्या पायऱ्यांवरून वर-खाली दीड तास. मग शाळा, मग आमचा सराव. गणपतीच्या आधी तीन आठवडे रात्री वाडीत जाखडी नाचाची तालीम. पायात चाळ बांधून, शेणाने सारवलेल्या अंगणात तास-दीड तास ताल धरून पाय आपटायचे. मी त्याचे श्रम मोजत होतो ते साडेपाच ते सात या वेळातले. त्याचा गुडघा पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे मोजत होता.

तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बोटभर जागेवर त्यांनी दाबलं आणि सात नंबरने दात आवळले. फोटो काढला. निदान ऑसगुड-श्लाटर. १९०३ साली अमेरिकेत ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमध्ये श्लाटर या दोघांनी वेगवेगळं याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या ज्या जागी जोडलेला असतो, तिथे वाढत्या वयात हाड अजून कच्चं असतं. धावणं, उडी, झटक्यात वळणं, गुडघ्यावर बसणं यांनी तिथे सतत ओढ बसते, सूज येते, टेंगूळ येतं. वाढ पुरी झाली की बहुतेकांचं आपोआप थांबतं. तोवर ताण आवरता घ्यायचा.

कोपऱ्यावर खेळवतोय म्हटल्यावर डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

समोरचे पर्याय

निवड चाचणी नोव्हेंबरच्या शेवटी होती, हातात सात आठवडे. सहायक, मी, मुलाचे आई-वडील आणि मंडळाचे एक जुने खेळाडू असे देवळाच्या पायरीवर बसलो.

पहिला पर्याय वजन उतरवण्याचा. चाचणीच्या सकाळी काटा ५५ च्या आत दाखवला की झालं. शेवटचे पाच दिवस भात बंद, शेवटचा दिवस पाणी बंद, दोन स्वेटर घालून धावायचं. सहायकाने स्वतः हे केलेलं होतं, आणि आमच्याच मंडळात मागे दोन मुलांकडून करून घेतलेलं होतं. मी तेव्हा अडवलं नव्हतं, हे इथे लपवत नाही. वडिलांचा कल याच बाजूला. त्यांचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही: जिल्हा खेळला, पुढे राज्य खेळला तर दहावीला खेळाचे वाढीव गुण, उद्या सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. "मी जल्मभर जाळी ओढली, ह्याने का ओढावी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

विनेश फोगाटचा विषय निघणारच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला ५० किलोच्या अंतिम लढतीच्या सकाळी ती १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आदल्या रात्रभर काय काय केलं गेलं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. जुने खेळाडू म्हणाले, तिच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, आणि ती पूर्ण वाढलेली बाई. आपलं पोर तर वाढीच्या ऐन भरात आहे, त्याचं अन्न कुठून काढणार?

दुसरा पर्याय तीन महिने पूर्ण बंद. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. मैदान बंद म्हणजे जेटी चालू, हे मला आता कळलं होतं. गुडघ्याला विश्रांती मिळालीच नसती.

तिसरा पर्याय जागा बदलण्याचा. कोपरा नको, पण मधल्या जागेवर कव्हर म्हणून? तिथे डॅश मारायचा, म्हणजे धक्का देऊन चढाईपटूला बाहेर ढकलायचं, कंबर धरायची. गुडघ्यावर जाणं कमी, पण धक्का मोठा. डॉक्टर यावर फार राजी नव्हते.

चौथा, चढाईच ठेवायची पण मोजून. तिसरी चढाई शक्यतो द्यायची नाही, गिरकीऐवजी तोंड समोर ठेवून मागे सरकत परतायला शिकवायचं, आणि चाचणीचा निर्णय नैसर्गिक वजनावर सोडायचा. ५५ च्या आत राहिला तर जाईल, नाहीतर नाही.

मी चौथ्याच्या बाजूने होतो. सहायक विरोधात होता आणि तसं त्याने स्पष्ट सांगितलं: "सर, शरीर वाढतंय हे खरं, पण संधी काही वाढत नाही. कुमारला पुढची तीन वर्षं त्याला कोण विचारणार?" त्याच्या या बोलण्यात तथ्य होतं आणि अजून आहे. रात्री उशिरा चौथा पर्याय ठरला. मुलगा त्या बैठकीत नव्हता.

काय केलं

पहिलं काम घरचं. त्याचं पहाटेचं जेटीचं काम बंद करणं आईला शक्य नव्हतं, पण पाट्या उचलायच्या ऐवजी तो लिलावाचा हिशेब लिहायला लागला. बर्फ मात्र भरपूर. सरावानंतर फडक्यात बांधून गुडघ्याला लावायला फॅक्टरीवाले फुकट देत.

दुखण्याला ० ते १० आकडा द्यायचा ठरलं. सरावात ३ च्या वर गेला की थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर त्या दिवशी सराव निम्मा. पहिले चार दिवस तो रोज १ सांगत होता. पाचव्या दिवशी लंगडताना दिसला. मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "५ सांगितला तर काढाल ना मला." संघासमोर केलेल्या माझ्या त्या एका वाक्याने किती नुकसान केलं होतं ते तेव्हा कळलं. त्याची माफी मागितली, आणि ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच मागितली. त्यानंतरचे आकडे खरे वाटायला लागले. कधी २, कधी ४, एकदा ६.

वहीत रकाने वाढवले. प्रत्येक चढाईपुढे: तिसरी होती का, समोर किती गडी, बोनस चालू होता का (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण; समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच तो मिळतो), पकड जाताना की परतताना. गुणलेखन करणाऱ्या मुलीने आणखी एक खूण सुचवली, गुण नाही पण बचाव मागे रेटला, त्याला तिने छोटा गोल केला. रिकाम्या चढायांतही चांगल्या-वाईट असतात हे त्या गोलाने दिसायला लागलं.

आणि सरावाचा सामना संपला की समोरच्या संघाला दोन प्रश्न. आमच्या कुठल्या गड्याची भीती वाटली, आणि कोणाकडे सोपं गेलं? त्यांच्याही गड्यांबद्दल आम्ही तसंच सांगायचं. खाडीपलीकडच्या प्रशिक्षकांना मी हे सुचवलं तेव्हा ते आधी बिचकले, आपली गुपितं देतोय की काय म्हणून. मग म्हणाले, आमचा डावा कोपरा तुम्हाला फुकटात सगळं सांगून बसलाच आहे, आता हिशेब बरोबर करू. किशोर गटात हे जमतं. मोठ्यांच्या बक्षिसाच्या स्पर्धांत कोणी खरं सांगेल असं मला वाटत नाही.

उत्तरं नेहमी बरोबर नसत. एकदा तीन मुलांनी आमच्या एका गड्याची भीती वाटली म्हणून सांगितलं, कारण तो आरडाओरडा फार करत होता. वहीत त्याचे दोन गुण. पण एकाच मुलाबद्दल वही, मी आणि समोरचे गडी तिघं वेगवेगळं बोलू लागले की तिथे थांबून बघायचं, एवढी सवय आम्हाला लागली.

निवडीचा दिवस आणि नंतर

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचं वजन ५५.१ होतं. चाचणीच्या चार दिवस आधी ५५.९. रोज पोटभर जेवत होता, उंची १६४ झाली होती. सहायक शेवटचं विचारायला आला, नऊशे ग्रॅम फक्त, आणि हातात चार दिवस. मी नाही म्हणालो. मी हे अगदी खंबीरपणे म्हणालो असं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्याकडून दुसरा एक मुलगा चाचणीला गेला आणि जिल्हा संघात आला. सात नंबर दोन आठवडे मैदानाकडे फिरकला नाही. जेटीवर दिसायचा. वडिलांनी माझ्याशी बोलणं तोडलं. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, तेवढंच.

डिसेंबरच्या मध्यावर तो आपणहून आला. त्याला आणायला कोण गेलं होतं ते मला महिन्याभराने कळलं. सहायक गेला होता. त्याने तोवर स्वतःची पद्धतही बदलली होती: गिरकीशिवाय परतण्याचे तीन प्रकार तो सात नंबरकडून रोज पंधरा मिनिटं करून घ्यायचा, पाठ न दाखवता, दोन्ही पायांवर भार वाटून. हे काम माझ्याने झालं नसतं.

मार्चमध्ये शिमग्याच्या स्पर्धांत त्याला कुमार संघात राखीव म्हणून घेतला. वजन ५८.५, उंची १६७. समोर त्याच्यापेक्षा दहा-दहा किलोने जड गडी. चार सामन्यांत मिळून २६ चढाया, १२ गुण, चार वेळा पकड, त्यातली परतताना एकच. तिसरी चढाई सामन्याला दोनपेक्षा जास्त दिली नाही. दुखण्याचा आकडा १-२ वर, एकदा ३. २६ चढाया हा फार छोटा आकडा आहे. त्यावरून तो पूर्वीसारखा झाला असं मी कुणाला सांगणार नाही. शिवाय तो पूर्वीसारखा खेळतच नाही. गिरकी गेली, चढाई जास्त सावध झाली, प्रेक्षकांना थोडी कंटाळवाणीही वाटते. नऊ रिकाम्या चढायांपुढे मात्र गोल आहे.

पुन्हा अशी वेळ आली तर

गुडघा दुखतोय म्हणाला त्याच दिवशी मी थांबायला हवं होतं. वाढत्या वयाच्या मुलाने वाटीखालच्या एकाच ठरावीक जागी दुखतंय म्हटलं तर शेक सांगून सोडायचं नाही, हे आता आम्ही दोघांनी ठरवून घेतलंय. त्या वेळी गेलेले तीन आठवडे कोपऱ्यावर गुडघा आपटण्यात गेले.

बैठकीत मुलगा हवा होता. निर्णय कदाचित तोच झाला असता, पण दोन आठवडे जेटीवर बसण्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडता आलं असतं. वडिलांशीही मी आधी एकट्याने बोलायला हवं होतं. चारचौघांत त्यांना माघार घ्यावी लागली आणि ते अजून त्यांच्या मनात आहे.

वजनाबद्दल मी आजही नाहीच म्हणेन. पण उंची-वजन जूनपासून दर महिन्याला घेतलं असतं तर तो नोव्हेंबरला ५५ च्या पलीकडे जाणार हे सप्टेंबरातच दिसलं असतं. मग गावाने, घराने आणि त्याने त्या चाचणीवर एवढी आशा बांधली नसती, आणि कुमार गटाची तयारी तीन महिने आधी सुरू झाली असती. सहायकाचं म्हणणं वेगळं आहे. त्याच्या मते आधी कळलं असतं तर त्याला ऑगस्टमधल्याच एखाद्या मोठ्या स्पर्धेत निवड समितीसमोर खेळवता आलं असतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

या जूनपासून संघातल्या चौदाही मुलांचं माप घेतोय, महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, अनवाणी, शाळेच्या त्याच एका भिंतीशी. पेन्सिल गुणलेखन करणाऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीकडे आहे. दोन मुलं ५२ किलोवर आली आहेत आणि त्यातल्या एकाची उंची गेल्या दोन महिन्यांत दोन सेंटिमीटर वाढली आहे. त्याच्या घरी मी परवा जाऊन आलो.